छत्रीसैनिकांचे भरतकामाचे बिल्ले कसे ओळखावेत: सुरुवात पाठीपासून

आपल्याला वारशाने कापडावर भरतकाम केलेले तीन बिल्ले मिळाले आहेत. पहिल्यात खाकी लोकरी कापडावर पांढरे पॅराशूट आणि दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख आहेत. दुसरा काळ्या कापडावर चंदेरी जरीने काढलेला, अमेरिकी धाटणीचा, पॅराशूटच्या माथ्यावर चांदणी असलेला आहे. तिसऱ्यात निळ्या वर्तुळात फक्त पांढरे पॅराशूट आहे. तिन्ही दुसऱ्या महायुद्धातील असल्याचे घरात सांगितले जात असे. ते खरे मानावे का, बिल्ल्याचा अस्सलपणा आणि वय कशावरून ठरवावे, आणि येथून संग्रह उभा करायचा तर सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे. पाठवलेली छायाचित्रे स्वच्छ आहेत, परंतु तिन्ही पुढच्या बाजूची आहेत. बहुतेक सर्व नवे संग्राहक असेच करतात, आणि म्हणूनच उत्तराची सुरुवात मी बिल्ल्याच्या पाठीपासून करतो.

पुढच्या बाजूला दिसते ती आकृती, आणि आकृतीची नक्कल करणे सर्वांत सोपे असते. ब्रिटिश सैन्याने पॅराशूट आणि दोन पंख हा बिल्ला १९४० च्या अखेरीस मंजूर केला आणि तो उजव्या बाहीच्या वरच्या भागावर शिवला जाऊ लागला. ती आकृती आजतागायत फारशी बदललेली नाही. म्हणजे केवळ आकृती पाहिली तर १९४३ चा बिल्ला आणि अगदी अलीकडचा बिल्ला यांत नवख्या डोळ्याला फरक जाणवणार नाही. पाठीवर मात्र ज्या यंत्राने किंवा ज्या हाताने काम केले त्याची सवय, त्या काळी उपलब्ध असलेला दोरा, आधाराला लावलेले कापड, कागद किंवा खळ, हे सर्व उघडे पडलेले असते. नक्कल करणारा पुढच्या बाजूवर जितकी मेहनत घेतो तितकी पाठीवर घेत नाही, कारण गिऱ्हाईकही ती क्वचितच पाहते.

पाठ वाचायची म्हणजे प्रथम ती कोणत्या पद्धतीने भरली आहे हे ठरवायचे. हाताने केलेल्या भरतकामात टाक्यांची लांबी आणि दिशा किंचित बदलत जाते, एका पंखातील पिसांची संख्या दुसऱ्या पंखाशी नेहमी जुळतेच असे नाही, आणि पाठीवर दोरा एका भागातून दुसऱ्या भागात तिरपा ओढून नेलेला किंवा गाठ मारून संपवलेला दिसतो. दुसरी पद्धत यंत्राची. स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये जे यंत्र बनवले त्यात शिलाई मशीनप्रमाणे दोन दोरे वापरले जातात, आणि खालचा दोरा होडीच्या आकाराच्या धोट्यातून येतो. म्हणूनच त्याला ‘शिफ्ली’, अर्थात छोटी होडी, हे नाव पडले. या यंत्रावर कारागीर मोठ्या केलेल्या चित्रावरून एक टोक फिरवीत असे आणि शेकडो सुया एकाच वेळी तीच आकृती छोट्या प्रमाणात काढीत असत. त्यामुळे त्या कारागिराचा हात एखाद्या ठिकाणी हलला असेल तर ती चूक त्या खेपेतील प्रत्येक बिल्ल्यावर जशीच्या तशी उतरते. अशी एक विशिष्ट चूक, उदाहरणार्थ डाव्या पंखातील एक आखूड राहिलेले पीस, दोन वेगवेगळ्या आणि भरवशाच्या ठिकाणांहून आलेल्या बिल्ल्यांवर सापडली, की त्या दोहोंचा उगम एकच असल्याचा तो चांगला पुरावा ठरतो. संग्रहाच्या कामात मला सर्वाधिक आनंद देणारा शोध हाच असतो.

तिसरी पद्धत शिलाई मशीनवर कापड हाताने फिरवून भरण्याची. युद्धभूमीच्या आसपासच्या शिंप्यांनी केलेले पुष्कळ बिल्ले याच पद्धतीचे असतात. त्यांतील टाके नागमोडी, दाट-विरळ आणि वेगवान असतात, कडा थोडी हललेली असते. चौथी पद्धत आजच्या संगणकनियंत्रित, अनेक डोक्यांच्या यंत्राची. तिची पाठ एकदा नीट पाहून ठेवली की पुन्हा विसरत नाही. खालचा दोरा बहुधा पांढरा असतो, आणि प्रत्येक भरीव पट्ट्याच्या मागे मधल्या सुमारे एक तृतीयांश रुंदीत तो सरळ, एकसारखा दिसतो. पट्ट्याच्या खाली आधाराचे टाके अगोदर घातलेले असतात, आणि मागे न विणलेल्या, तंतू दाबून केलेल्या पांढऱ्या कागदासारख्या आधाराचे अवशेष कडेला फाटून उरलेले असतात. असा आधार आणि अशी पाठ असलेला बिल्ला युद्धकालीन म्हणून दाखवला जात असेल, तर पुढची बाजू कितीही मळलेली असली तरी पुढे तपासण्याचे कारण उरत नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. काही बिल्ले भरलेले नसून विणलेले असतात, म्हणजे आकृती कापडाच्या ताण्याबाण्यातूनच तयार होते. त्यांची पाठ सपाट असते आणि तरंगते दोरे आडव्या ओळींत दिसतात. काही छापीलही असतात. हे दोन्ही प्रकार अस्सल असू शकतात, पण त्यांच्या तपासणीचे निकष निराळे आहेत.

पद्धतीनंतर द्रव्याकडे वळावे. पॉलिएस्टरचा शोध व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये लावला आणि तो धागा बाजारात सर्रास मिळू लागला तो १९५० च्या दशकात. तेव्हा मूळ भरतकामात पॉलिएस्टरचा दोरा निश्चितपणे आढळला, तर तो बिल्ला महायुद्धातील असू शकत नाही. त्या काळच्या बिल्ल्यांत सूत, रेशीम, कृत्रिम रेशीम म्हणजे रेयॉन, आणि पायाला लोकर असते. दोरा ओळखण्यासाठी तो जाळून पाहण्याचा सल्ला आपल्याला मिळेल: सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. हे खरे असले तरी या परीक्षेसाठी बिल्ल्यातला दोरा कधीही उपसू नये. अगोदरच सुटून लोंबणारे टोक असेल तर त्यातील दोन-तीन मिलिमीटर पुरतात, नसेल तर परीक्षा सोडून द्यावी. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश यांनी बहुतेक काम होते.

अतिनील दिव्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. कपडे व धागे अधिक पांढरे दिसावेत म्हणून वापरली जाणारी उजळद्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली, आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ती निळसर पांढरी चमकतात. यावरून ‘चमकला तो नकली, न चमकला तो अस्सल’ असा नियम रूढ झाला आहे, आणि त्या नियमाने माझे दोन्ही बाजूंनी नुकसान केले आहे. एकदा एका विक्रेत्याकडून घेतलेला पंखांचा बिल्ला दिव्याखाली पूर्ण काळा राहिला म्हणून मी तो युद्धकालीन मानला. पुढे पाठीचे अस्तर उसवलेल्या जागी संगणकनियंत्रित यंत्राचे टाके दिसले, आणि बनवणाऱ्याने उजळद्रव्य नसलेला दोरा निवडला होता एवढाच त्याचा अर्थ होता. उलट, एका सैनिकाच्या कुटुंबाकडून आलेला अस्सल बिल्ला केवळ चमकला म्हणून मी नाकारला. नंतर तसाच दुसरा बिल्ला बाहीसकट पाहायला मिळाला तेव्हा कळले की चमक फक्त पुढच्या बाजूला होती, आणि तो गणवेश नंतरच्या काळात आधुनिक साबणचुऱ्याने धुतला गेला होता. तेव्हापासून मी दिवा पाठीवर, टाक्यांच्या खाली आणि शिवणीच्या आतल्या भागावर धरतो. तेथील दोरा आतपर्यंत प्रखर चमकत असेल तर शंका घ्यावी. केवळ पृष्ठभाग चमकत असेल तर धुलाईचा विचार करावा. आणि काहीच चमकत नसेल तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

जरीचे बिल्ले हा स्वतंत्र विषय आहे. समारंभी गणवेशावर आणि अधिकाऱ्यांच्या कोटावर असे बिल्ले लावले जात. स्प्रिंगसारखी वळलेली बारीक पोकळ तार लहान तुकड्यांत कापून, मण्याप्रमाणे सुईत ओवून, सूत किंवा फेल्टच्या उंचवट्यावर बसवली जाते. जरदोजीचे हेच तंत्र सियालकोट आणि वाराणसी येथे आजही जिवंत आहे आणि तेथून जगभरातील सैन्यांना बिल्ले जातात. म्हणून जरीच्या बिल्ल्यात तंत्रावरून वय काढता येत नाही, आणि यंत्राच्या भरतकामावर जे नियम लागू पडतात ते येथे निरुपयोगी ठरतात. येथे पाहायचे ते तारेखालचा भराव कशाचा आहे, तार बांधणारा बारीक दोरा सुती आहे की कृत्रिम, पाठीला कागद, कापड की प्लास्टिकचा थर आहे, आणि तार काळवंडली आहे ती कशी. नैसर्गिकपणे काळवंडलेली तार उंचवट्यावर, जेथे हात किंवा कापड घासते तेथे, थोडी उजळ राहते आणि खाचांत गडद होते. रसायनाने काळी केलेली तार सर्वत्र सारखी काळी असते, आणि पुष्कळदा शेजारच्या कापडावरही डाग पडलेला असतो.

आता आकृतीकडे परत येतो, कारण पाठ वाचून झाल्यावर आकृतीचे ज्ञान निर्णायक ठरू शकते. ब्रिटिश पद्धतीत पंख नसलेले नुसते पॅराशूट हा वेगळा बिल्ला आहे. उडीचे प्रशिक्षण घेतलेल्या पण पॅराशूट तुकडीत नसलेल्यांसाठी तो होता, आणि आकारामुळे त्याला ‘दिव्याचा बल्ब’ म्हणतात. त्याला पंख कापून टाकलेला बिल्ला समजून फेकून दिल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या विशेष तुकडीचे पंख जॉक ल्युइस यांनी १९४१ मध्ये आखले; त्यांत गडद आणि फिकट निळा असे दोन रंग आहेत आणि वरची कड जवळजवळ सरळ आहे. त्यांच्या अस्सल युद्धकालीन नमुन्यांपेक्षा नकला कितीतरी अधिक आहेत, म्हणून पहिल्या काही वर्षांत त्यांच्या वाटेला जाऊ नये असे मी स्पष्टपणे सांगतो. कॅनडाच्या पंखांत मेपलचे पान असते, आणि आजच्या पद्धतीत पांढरे पान पॅराशूट तुकडीतील सेवा दाखवते तर लाल पान केवळ प्रशिक्षण. भारतीय सैन्याच्या पंखांत करड्या पायावर पांढरे पॅराशूट आणि फिकट निळे पंख असतात व ते छातीच्या उजव्या बाजूला लावले जातात. मरून पायावर पंखवाल्या घोड्यावरचा योद्धा हा ब्रिटिशांच्या हवाई मार्गे उतरणाऱ्या सैन्याच्या बाहीवरचा प्रसिद्ध बिल्ला मात्र पॅराशूटपटूचा नव्हे. तो संपूर्ण दलाचे चिन्ह होता, आणि ग्लायडरने उतरणारे सैनिकही तो लावीत.

अमेरिकी पंखांच्या बाबतीत एक छोटी चांदणी बराच गोंधळ निर्माण करते. मूळ बिल्ला विल्यम यारबरो यांनी १९४१ मध्ये आखला आणि तो मुख्यतः धातूचा होता. कापडी व जरीचे नमुने त्याच्या पाठोपाठ आले. पॅराशूटच्या माथ्यावर चांदणी असलेला वरिष्ठ दर्जाचा आणि चांदणीभोवती पानांचे वेटोळे असलेला सर्वोच्च दर्जाचा, हे दोन्ही बिल्ले १९४९ मध्ये सुरू झाले. युद्धकाळात प्रत्यक्ष लढाईतील उडीसाठी सैनिक ज्या बारीक चांदण्या लावीत त्या माथ्यावर नव्हे, तर खाली पंखांवर व दोऱ्यांवर असत. चांदणीची जागा एवढ्या एका गोष्टीवरून दशक ठरते. ऑलिव्ह हिरव्या कापडावर काळ्या दोऱ्याचे, दुरून न दिसणारे पंख व्हिएतनाम युद्धाच्या काळातील आणि त्यानंतरचे आहेत. कडेला गोल, जाड ओव्हरलॉक काठ आणि मागे त्याचे शेपटीसारखे टोक असेल तर तो प्रकारही साधारण १९६० च्या दशकापासूनचा मानावा. युद्धकालीन अमेरिकी कापडी बिल्ल्यांची कड कापलेली आणि सपाट असते.

हे निकष आपल्या तीन बिल्ल्यांना लावून पाहू. दुसऱ्या बिल्ल्याची चांदणी माथ्यावर आहे, म्हणून तो १९४९ पूर्वीचा असणे शक्य नाही, पाठ पाहिली नाही तरी. याचा अर्थ तो नकली आहे असा नव्हे. तीस उड्या पूर्ण करून वरिष्ठ दर्जा मिळवलेल्या कोणाचा तरी तो समारंभी बिल्ला असू शकतो, आणि तो त्याच नावाने जपावा. तिसरा बिल्ला बाहीचा किंवा छातीचा नसून अमेरिकी सैनिकांच्या घडीच्या टोपीवरचा आहे. निळा रंग पायदळाचा, आणि तोफखान्याच्या पॅराशूट तुकड्यांसाठी लाल पाया असे. अधिकारी तो टोपीच्या उजव्या बाजूला लावीत, कारण डाव्या बाजूला हुद्द्याचे चिन्ह असे. इतर सैनिक तो डाव्या बाजूला लावीत. तो युद्धकालीन असण्याची शक्यता चांगली आहे, पण कड कापलेली आहे की ओव्हरलॉक, हे छायाचित्रात सावलीमुळे दिसत नाही. पहिल्या बिल्ल्याबद्दल पाठ पाहिल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही. मात्र त्याचे दोन पंख सारखे नाहीत म्हणून आपण तो नकली असावा असे लिहिले आहे, ते कारण पुरेसे नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यासाठी, तसेच इतर आघाड्यांवर, स्थानिक कारागिरांनी हाताने भरलेले पंख वापरले गेले आहेत आणि त्यांत असा असमतोल स्वाभाविक असतो. स्थानिक काम आणि नक्कल या दोन गोष्टी एक मानल्यामुळे कित्येक उत्तम बिल्ले संग्रहांतून बाहेर गेले आहेत.

पाठीबरोबरच वापराच्या खुणाही पाहाव्यात. गणवेशावर वर्षभर राहिलेल्या बिल्ल्याची पुढची बाजू उन्हाने उतरलेली असते आणि पाठीचा रंग ताजा असतो. कडेला सुईची छिद्रे सलग असतात आणि त्यांत कधी कधी मूळ शिवणीच्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात. ते तुकडे कृपया स्वच्छ करून टाकू नयेत. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला बिल्ला पुढून-मागून सारखाच तपकिरी होतो, आणि टाक्यांच्या आड दडलेले कापडही रंगलेले असते. न वापरलेला, कोरा बिल्ला मात्र केवळ कोरा आहे म्हणून संशयास्पद ठरत नाही. गोदामांत असे गठ्ठेच्या गठ्ठे शिल्लक राहिले होते.

संग्रह सुरू करताना एका देशाचा एकच बिल्ला निवडावा आणि त्याचे वेगवेगळ्या काळांतील, वेगवेगळ्या कापडांवरील नमुने जमवावेत, असे माझे मत आहे. दहा देशांचे दहा बिल्ले डोळ्यांना सुख देतात, पण एकाच बिल्ल्याचे दहा प्रकार शेजारी ठेवले की पाठ वाचण्याची नजर तयार होते. त्यासाठी अलीकडचे, स्वस्त आणि निःसंशय अस्सल नमुनेही घ्यावेत, आणि एखादी उघड नक्कलही जाणूनबुजून घेऊन तिच्यावर तशी चिठ्ठी लावून ठेवावी. जर्मन हवाई दलाच्या छत्रीसैनिकांचा, ५ नोव्हेंबर १९३६ रोजी स्थापन झालेला, झेपावणाऱ्या गरुडाचा बिल्ला निळसर करड्या कापडावर भरलेलाही मिळतो. त्याच्या नकला फार आहेत, आणि त्यावरील स्वस्तिकामुळे जर्मनीत त्याच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याची बंधने आहेत, हे घेण्यापूर्वी माहीत असावे.

धातूच्या बिल्ल्यांपेक्षा कापडी बिल्ल्यांत एक उणीव असते. पोलंडच्या आणि फ्रान्सच्या धातूच्या बिल्ल्यांच्या मागे क्रमांक कोरलेला असतो आणि त्यावरून पुष्कळदा मूळ मालकापर्यंत पोहोचता येते. कापडी बिल्ल्यावर असे काहीच नसते, म्हणून त्याच्यासोबत आलेले वेतनपुस्तक, पत्र, गणवेशातील छायाचित्र किंवा ज्या पाकिटात तो होता ते पाकीट यांना बिल्ल्याइतकेच जपावे लागते, आणि त्यांची ताटातूट कधीही करू नये. घरात सांगितली जाणारी हकीकत जशीच्या तशी, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह लिहून ठेवावी; परंतु ती बिल्ल्याचे वय ठरवण्याचा पुरावा म्हणून वापरू नये. विकणारा सांगतो त्या हकीकतीसाठी तर जादा पैसे मुळीच देऊ नयेत.

ठेवणीबद्दल थोडक्यात सांगतो. पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, कारण त्यांतून निघणारे द्रव्य कापडाला चिकटते. आम्लरहित कागद किंवा शुद्ध पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. बिल्ला पुठ्ठ्याला कधीही चिकटवू नये. जरीचे बिल्ले रबर, साधा पुठ्ठा आणि लोकर यांपासून दूर ठेवावेत, कारण त्यांतील गंधकाने तार काळवंडते. आणि काळवंडलेली तार घासून चमकवू नये, तिच्यावरचा मुलामा निघून जातो. लोकरी पायाला कसर लागल्याची शंका आली तर बिल्ला प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावा, उणे १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दव साचून नवेच नुकसान होते. हा उपाय यंत्राने किंवा हाताने भरलेल्या लोकरी व सुती बिल्ल्यांसाठी आहे. जरीच्या बिल्ल्यावर तो करण्यापूर्वी जतनतज्ज्ञाला विचारावे.

आता आपण तिन्ही बिल्ल्यांची पाठ मिलिमीटरच्या पट्टीशेजारी ठेवून स्कॅन करावी, ६०० डीपीआयवर, झाकण न दाबता. पहिल्या बिल्ल्याचा उजव्या पंखाच्या टोकाचा भाग आणि तिसऱ्याची संपूर्ण कड स्वतंत्रपणे, तिरप्या प्रकाशात टिपावी. पाठीवर कागद किंवा कापडाचे अस्तर असेल तर ते उचकटू नये. कोपरा अगोदरच सुटला असेल तर तेवढाच भाग भिंगातून टिपून पाठवावा, माझ्यासाठी तो पुरेसा आहे.